बॅटरीला चार स्टार, पट्ट्याला पाच: होडीवर दुसरी बॅटरी, एका सीझननंतर

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू नुसत्या बॅटरीचा नाही. १२ व्होल्ट १०० एएच (अँपिअर-अवर, बॅटरी किती करंट किती तास देईल त्याचं माप) एसएमएफ (सीलबंद, पाणी घालावं न लागणारी) बॅटरी, तिचा प्लास्टिकचा बॉक्स, बांधायचा पट्टा, दोन बॅटऱ्यांच्या मधला रिले (आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच), केबल आणि छपरावरचं १०० वॅटचं सोलर पॅनल, असा सगळा संसार मी ऑक्टोबरमध्ये बसवला, आता मे संपत आलाय, १ जूनपासून मासेमारी बंदी लागेल म्हणून होडी वर ओढायची तयारी चालू आहे. तेव्हा आठ महिने खाऱ्या पाण्यात काढून मग लिहितोय, खोका उघडल्या उघडल्या पाच स्टार टाकणारातला मी नाही.

होडी २६ फुटी फायबर, मागे ४० हॉर्सपॉवरचं फोर स्ट्रोक मशीन (इंजिन), सेल्फ स्टार्टवालं. मालवणात असते. दिवसा पर्यटक, आणि आठवड्यातून दोनतीन रात्री मी आणि माझा चुलत भाऊ गरीला (गळाने मासे धरायला) जातो, तांबोशी, कोकर, नशीब असेल तर एखादी सुरमई. नांगर टाकून बसलं की मशीन बंद, पण फिश फाइंडर (खालचे मासे दाखवणारी स्क्रीन) चालू, व्हीएचएफ (वायरलेस) चालू, वरचा पांढरा दिवा चालू, आत कामाला दोन एलईडी चालू, दोघांचे मोबाईल चार्जिंगला. (एलईडी म्हटल्यावर लगेच कुणी अंगावर येऊ नका, १०-१० वॅटचे दोन दिवे आहेत, आमिषाचे तुकडे करताना बोट कापू नये म्हणून. जनरेटर लावून समुद्राचा दिवस करणारे वेगळे, आणि ती दिव्यांनी मासे गोळा करायची मासेमारी २०१७ पासून बंद आहे, निदान कागदावर तरी.)

तर दोन वर्षांपूर्वी डिसेंबरातली रात्र, किल्ल्याच्या बाहेर खडकावर नांगर टाकलेला, पहाटे तीनला मतलई वारा वाढला म्हणून म्हटलं चला, चावी फिरवली तर नुसतं टक. परत फिरवली, टक. फिश फाइंडरची स्क्रीन पण गेली. एकच बॅटरी होती आणि ती आम्ही रात्रभर बसून खाल्ली होती, बॅटरीचा काडीचा दोष नाही. मशीनचं झाकण काढून दोरी गुंडाळून ओढायला लागलो, कार्ब्युरेटरवालं जुनं मशीन म्हणून अकराव्या की बाराव्या झटक्याला लागलं एकदाचं. आताच्या ईएफआयवाल्यांनी (इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनचं मशीन असलेल्यांनी) या दोरीच्या भरवशावर राहू नये, बॅटरी पार मेलेली असली तर खांदा निखळेल पण मशीन लागेलच असं नाही.

मग मी काय शहाणपणा केला, तर घरी इन्व्हर्टरची १५० एएच ट्यूब्युलर बॅटरी पडून होती, ती उचलून होडीत ठेवली. फुकटात काम. ५५ किलोच्या वर वजन, उंच डबडं, आणि ठेवली कुठे तर मागच्या उजव्या कोपऱ्यात पेट्रोलच्या टाकीशेजारी, कारण तिथे जागा होती. वायरिंगला एकजण आला, घरांची फिटिंग करणारा, त्याने पंख्याला वापरतात ती वायर ओढली, सांधे पिळून वर टेप मारली आणि बॅटरी हिरव्या नायलॉनच्या दोरीने बांधून दिली. आमचे आबा वाळूत बसून जाळं सांधत होते, त्यांनी लांबूनच विचारलं, "ती बॅटरी कशान बांधलंस रे?" म्हटलं दोरीने. "होडी हलतली तशी ती पण हलतली, मगे माका सांगू नको."

पंधरा दिवस झाले नसतील. देवबागला कर्ली नदीच्या मुखावर वाळूच्या बांधावर लाटा फुटत होत्या, एक लाट आडवी घेतली आणि मागे धाड्कन आवाज. दोरी होती जागेवर, बॅटरी नव्हती. नायलॉन ओला झाला की ताणतो, गाठ सरकते, एवढं कोळ्याच्या पोराला कळायला नको? बॅटरी आडवी, वरच्या टोप्यांतून अ‍ॅसिड खाली, खाली बुडात खारं पाणी. अशा खाऱ्या पाण्यातून बॅटरीचा करंट गेला की क्लोरीन सुटतो हे मी शाळेत शिकलो असेन, नाकाला त्या दिवशी कळलं, डोळ्यांतून पाणी, खोकला, आणि त्यात एक सांधा सुटून पेट्रोलच्या टाकीपासून हातभरावर ठिणगी. भावाने वायर उपटली म्हणून हे लिहायला आहे. त्याची जीन्स त्या दिवशी ठीक दिसत होती, दुसऱ्या धुण्यात गुडघ्याखाली चाळणी झाली.

त्यानंतर वर्षभर एकाच बॅटरीवर घाबरत घाबरत काढलं आणि गेल्या पावसाळ्यात बसून नीट हिशोब केला. कुठलीही बॅटरी बघायच्या आधी हा हिशोब करा, दुकानदार करत नाही. माझा असा आला: फिश फाइंडर आणि जीपीएस मिळून १.८ अँपिअर, व्हीएचएफ नुसता ऐकत असला तर अर्धा (बोलायचं बटण दाबलं की पाच-सहा, पण ते मिनिटभर), वरचा दिवा ०.२, आतले दोन दिवे १.६, मोबाईल साधारण १. झाले ५.१. रात्रीचे नऊ तास धरले तर ४६ एएच. लेड अ‍ॅसिड बॅटरी, मग ती कुठल्याही कंपनीची असो, निम्म्याच्या खाली वारंवार नेली की तिचं आयुष्य भराभर उतरतं, म्हणजे ४६ ला १०० ची बॅटरी लागते. ७० ची घेऊन भागेल असं म्हणणारे दुसऱ्याच वर्षी परत दुकानात दिसतात.

आता कुठली घ्यायची. कुडाळला एका दुकानात गेलो, त्यांनी पहिली पुढे केली ती ट्रकची. "दमदार आहे, घ्या." दमदार आहे ना, पण तो दम दोनतीन सेकंदांचा, स्टार्टर फिरवायला. तिच्यातल्या प्लेटा पातळ असतात, मोठा करंट एकदम द्यायला बनवलेल्या, रात्रभर थोडं थोडं देऊन रोज अर्धी रिकामी करायला नाही. मशीनला ती ठीक, दिव्यांना नाही. ट्यूब्युलर रोज रिकामी व्हायला चांगली असते, तो तिचा गुणच आहे, पण पाण्याची बॅटरी, उंच, जड आणि कलंडली की काय होतं ते वर लिहिलंच आहे. घरात उत्तम, होडीत माझ्याकडून नाही.

लिथियमचा मोह मलाही झाला, खोटं कशाला बोलू. १०० एएच एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) ११-१२ किलोत येते, त्यातले ८०-९० एएच बिनधास्त वापरता येतात, व्होल्टेज शेवटपर्यंत पडत नाही. पण आधी किंमत. दुसरं म्हणजे तिच्या आतल्या बीएमएसने (बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटने) चार्जिंग चालू असताना मध्येच लाईन तोडली तर मशीनचा रेक्टिफायर (चार्जिंगचा भाग) उडू शकतो, म्हणून मध्ये डीसी टू डीसी चार्जर लावायला पाहिजे, त्याचे वेगळे पैसे. आणि साधा व्होल्टेज बघून चालणारा रिले तिच्याबरोबर गोंधळतो, कारण लिथियम नुसती बसलेली असली तरी १३.३ च्या आसपास दाखवते आणि रिलेला वाटतं मशीन चालू आहे. ज्यांना ही भानगड समजते आणि परवडते त्यांनी जरूर घ्यावी. पत्र्याच्या डब्यात सेल जोडून नाव नसलेली पॅक विकतात ती मात्र फुकट दिली तरी घेऊ नका.

म्हणून राहिली एसएमएफ, यूपीएसला बँकेत, एटीएममध्ये असते ती सीलबंद, आत एजीएम, अ‍ॅसिड काचेच्या लोकरीत शोषलेलं, त्यामुळे आडवी झाली तरी सांडत नाही. वजन ३१ किलो. मरीन लिहिलेली आयात बॅटरी याच्या दुप्पट-तिप्पट पैशांत, आणि इकडे कोकणात वॉरंटीला कुणाकडे जाणार? ही कुडाळात मिळते, सिंधुदुर्गनगरीत मिळते, उद्या मेली तर संध्याकाळपर्यंत दुसरी.

घेताना मल्टिमीटर खिशात घेऊन गेलो होतो. पहिली बॅटरी काउंटरवर ठेवली, मोजली, १२.३८. नवी भरलेली एसएमएफ १२.८ च्या आसपास दाखवते, म्हणजे ही कित्येक महिने रॅकवर झोपलेली, अर्ध्याच्या जवळ आलेली. दुकानदार म्हणाला, "चार्ज केली की येते वर." म्हटलं तुम्ही तुमच्या घरी चार्ज करा, मला आतली द्या. थोडं तोंड वाकडं झालं, पोराला आत पाठवलं, दुसरी १२.८१. तारीख बघितली, तीन महिन्यांपूर्वीची. घेतली. ९,८०० रुपये. दुकानाला या कारणासाठी एक स्टार कमी, पण चहा पाजला हेही खरं.

आता बसवणं. इथे मी जास्त लिहिणार आहे, कंटाळा आला तर पुढे जा, पण माझ्या मते पैसे इथेच लावावेत.

जागा कन्सोलच्या बाकाखाली, होडीच्या मधोमध, खाली पण बुडात साचणाऱ्या पाण्याच्या वर. ३१ किलो मागे एका कोपऱ्यात ठेवले तर होडी त्या बाजूला कलते, पर्यटक बसल्यावर आणखी. पेट्रोलची टाकी मागे, बॅटरी मध्ये, एकाच बंद खणात दोन्ही नकोत कारण रिले टिकटिकतो तेव्हा आत बारीक ठिणगी असते आणि पेट्रोलची वाफ खाली साचून राहते. बॅटरीचा हायड्रोजन उलटा वर जातो, म्हणून बॉक्सचं झाकण हवाबंद नको. एसएमएफ नेहमी गॅस सोडत नाही, पण जास्त चार्ज झाली तर तिचा पण वाल्व उघडतो.

फायबरच्या तळात थेट स्क्रू मारायचे नाहीत, हे आमच्या फायबरवाल्या मिस्त्रीने बजावलं. तळाला १८ एमएम मरीन प्लायचा तुकडा, त्याच्यावर फायबरची चटई आणि रेझिनचे तीन थर, वाळल्यावर तो होडीचाच भाग झाला. प्लायला आधीच चार भोकं पाडून खालून बोल्ट डोकी खाली ठेवून बसवले होते, त्यामुळे वर फक्त नट. बोल्ट ३१६ स्टीलचे घ्या. ३०४ पण स्टेनलेसच म्हणून देतात, चकाकतो पण तेवढाच, महिन्याभरात चहाच्या डागासारखा गंज येतो. नट नायलॉकचे (आत नायलॉनची कडी असलेले, सहज न सुटणारे). पंखवाले, हाताने फिरवायचे नट मशीनच्या थरथरीने सुटतात आणि सुटताना आवाज करत नाहीत.

बॉक्सचा तळ या बोल्टांवर, खाली रबराचा पातळ तुकडा, आत बॅटरी, आणि वरून पट्टा. पट्टा दोन इंची पॉलिस्टरचा, नायलॉनचा नाही, बकल धातूचं. आणि पट्टा बॉक्सच्या कानांतून नाही तर प्लायमधल्या दोन स्टीलच्या कड्यांतून ओवला, हे महत्त्वाचं, कारण बॉक्सचे कान प्लास्टिकचे. त्यातला एक जानेवारीत तुटलाच, झाकण उघडताना, बॉक्सला दोन स्टार. बॅटरीला काही कळलं पण नाही.

अमेरिकेत होड्यांच्या नियमात एक परीक्षा आहे ती मला फार आवडली: बॅटरीला तिच्या वजनाच्या दुप्पट किंवा ९० पाउंड, जे कमी असेल तेवढ्या जोराने, वर आणि चारी बाजूंना मिनिटभर ओढायचं, ती एक इंचापेक्षा जास्त हलता कामा नये. आमची दुप्पट ६२ होते, म्हणून ९० पाउंड म्हणजे ४१ किलो. भावाने मासळी मोजायचा स्प्रिंगचा काटा आणला, हुक बॅटरीभोवतीच्या दोरीत अडकवला आणि ओढला, मी मोबाईलवर सेकंद मोजतोय आणि बॉक्सशेजारी पट्टी धरलीय. काटा ४१ वर, भावाच्या मानेच्या शिरा वर. पहिल्यांदा पुढच्या बाजूला सव्वा इंच सरकली. पट्टा कमी पडला असं वाटलं पण नाही, बॅटरी आणि बॉक्सच्या मध्ये फट होती. फटीत जुन्या टायरच्या ट्यूबचे तुकडे कोंबले, परत ओढलं, चार एमएम. वर ओढताना तर हललीच नाही. आबा बघत होते, काही बोलले नाहीत. ते काही बोलले नाहीत म्हणजे पास.

केबल टिन केलेल्या तांब्याची, १६ स्क्वेअर एमएम. साधं तांबं खाऱ्या हवेत आतून काळं-हिरवं होतं, वरून प्लास्टिक एकदम नवं दिसतं. जाडीचं गणित मी स्वतः केलं तेव्हा पंखेवाल्या वायरीचा राग परत आला: बॅटरीपासून चार मीटर लांब, म्हणजे जाऊन येऊन आठ, २० अँपिअर, २.५ च्या वायरीत जवळपास १.२ व्होल्ट वाटेतच जळतात. १२ पैकी! १६ च्या केबलमध्ये ०.२ पण नाही. लग (केबलच्या टोकाला बसतात ते धातूचे तुकडे) हायड्रॉलिक पक्कडीने दाबून घेतले, कुडाळात एका पॅनेल बोर्डवाल्याने लगाला वीस रुपये घेतले, वर गोंदवाली हीटश्रिंक (गरम केली की आवळते ती नळी). हातोडीने ठोकलेले लग हा वेगळाच विनोद आहे, त्याच्यावर नको बोलायला.

फ्यूज पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभराच्या आत. फ्यूज दिव्यांना वाचवायला नसतो, केबलला वाचवायला असतो, केबल कुठे घासून उघडी पडली तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतते आणि केबल लाल होते. रिलेकडे जाणाऱ्या केबलला दोन्ही टोकांना फ्यूज, कारण दोन्ही टोकांना बॅटरी आहे. हे बरेच फिटर विसरतात, एकाच बाजूला लावून मोकळे होतात. बुडातलं पाणी काढायचा पंप मेन स्विचच्या आधीच, स्वतःच्या फ्यूजवर, होडी बंद करून घरी गेलो आणि रात्री पाणी शिरलं तरी तो चालला पाहिजे. टर्मिनल आधी घट्ट करायचे, मग वरून व्हॅसलीन, आतून नाही. जोडताना पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी, काढताना उलटं.

रिले म्हणजे व्हीएसआर, व्होल्टेज बघून चालणारा. मशीन चालू झालं, पहिल्या बॅटरीचं व्होल्टेज १३.३ च्या वर गेलं की हा दोघींना जोडतो, मशीन बंद झालं आणि १२.८ च्या खाली आलं की तोडतो. म्हणजे रात्री दिवे दुसरीला खातात, पहिली मशीनसाठी भरलेली राहते, मला कुठलाही खटका फिरवायची आठवण ठेवायला नको. माझा दोन्ही बाजूंनी बघणारा आहे, त्यामुळे सोलरने दुसरी भरत आली की पहिलीला पण मिळतं. एक दिवस माझा पण वाया गेला, रिले जोडेचना, शिव्या घालून झाल्या, मग कळलं दोन्ही बॅटऱ्यांचे निगेटिव्ह एकमेकांना जोडलेच नव्हते. जाड केबलने जोडा, विसरू नका.

आणि सोलर का, तर मशीनच्या पुस्तकात १७ अँपिअर लिहिलेत ते फुल रेसला. खडकावरून घरी यायला पाऊण तास, त्यात दुसरीला फार तर दहाएक एएच मिळतात, खर्च झाले ४६. मशीन चाललं की बॅटरी भरते हा समज काढून टाका. किनाऱ्यावर प्लग नाही आणि ३१ किलो रोज खांद्यावर घरी कोण नेणार. छपरावरचं १०० वॅट आमच्या उन्हात दिवसाला २५-३० एएच देतं, दोन दिवसांत परत भरलेली. फक्त पॅनलवर दांडीची सावली पडू देऊ नका, हातभर सावलीने निम्मं उत्पादन जातं, आम्ही झेंड्याची काठी हलवली.

एकूण खर्च: बॅटरी ९,८००, बॉक्स १,४००, पट्टा-कड्या-बोल्ट १,९००, रिले ४,२००, केबल-लग-फ्यूज ५,३००, पॅनल आणि कंट्रोलर ६,५००. म्हणजे बॅटरी सोडून १९,३००, बॅटरीच्या जवळपास दुप्पट. घरी हा आकडा सांगितल्यावर जे ऐकलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आठ महिन्यांत रात्रभर बसून पहाटे सगळं बंद करून थोड्या वेळाने मोजलं की १२.३ च्या आसपास येतं, हिशोबाबरोबर. एकदाच ढगाळ तीन दिवसांनंतर १२.१ दिसलं, त्या रात्री लवकर परतलो. चावीला एकदाही टक नाही. देवबागचा बांध बऱ्याचदा ओलांडला, पट्टा महिन्याला एकदा हाताने ओढून बघतो, डिसेंबरात एकदा बकल एक घर पुढे घेतलं, बस. टर्मिनलवर पांढरं काही नाही, एका फ्यूज होल्डरच्या टोपीत मात्र मीठ शिरून स्प्रिंग गंजली, तो स्वस्तातला होता, चूक माझीच. बॅटरीचा एक स्टार कमी कारण १०० एएचची असून तिला उचलायला धड मूठ नाही, कापडी दोरीचे दोन फास आहेत ते बोटं कापतात, आणि परवा ती काढून घरी न्यायची आहे, पावसाळाभर महिन्यातून एकदा चार्जरला लावायला.

काल आबा येऊन बाकाखाली वाकून बघून गेले. म्हणाले, "ह्यो पट्टो खंय मिळता?" त्यांच्या होडीत बॅटरीच नाही, हाताने लावायचं मशीन आहे. बर्फाची पेटी बांधायची म्हणे.